माझी मागची फ्रेम का तुटली

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. का, ते ऐका.

कारखान्यात मला घडवलं ते चिखल, दगड आणि उड्यांसाठी. उंच, सडपातळ, हलकी. टाकी एवढीशी, गादी फळीसारखी, सामान बांधायला जागाच नाही. आत्याने मला नवीकोरी असताना घेतलं आणि सहा वर्षं शर्यतींत पळवलं. ती खरं तर भाच्याची आत्या. पण तो घरभर इतक्या मोठ्याने हाका मारायचा, की मीही तिला आत्याच म्हणू लागले. शर्यत जिंको वा हरो, ती आधी माझं ऑइल बदलायची, चेन धुवायची आणि मगच आंघोळीला जायची.

पुढे तिचा गुडघा दुखावला, शर्यती सुटल्या. दोन वर्षं मी जिन्याखाली चादर पांघरून उभी होते. एके दिवशी भाचा म्हणाला, "आत्या, हिला प्रवासाची गाडी करू? रस्त्यावरही चालेल, रानातही चालेल. तीन आठवडे भटकून येतो."

आत्या हरखलीच. कागद घेऊन कामं लिहायला बसली. मोठी टाकी. ओझं पेलणाऱ्या कडक स्प्रिंगा. पुढचं स्प्रॉकेट, चेन फिरवणारं दातेरी चाक, एका दाताने मोठं, म्हणजे हमरस्त्यावर इंजिन बोंबलणार नाही. आणि सगळ्यात वर, दोन रेघा ओढून: गादीखालच्या फ्रेमला आधाराच्या लोखंडी पट्ट्या जोडणे.

"ही मागची फ्रेम फक्त माणसापुरती आहे," तिने बजावलं. "सामानाच्या पेट्या टांगायच्या तर आधी हे काम. समजलं?"

"समजलं गं."

काय समजलं होतं, कपाळ! मिस्त्रींच्या गॅरेजात जाताच त्याचा जीव अडकला तो दिव्यांत. चार जादा दिवे, वारा अडवणारी काच, फोन लावायचे दोन स्टँड, पत्र्याच्या दोन दणदणीत पेट्या आणि अंगभर स्टिकर. टाकी मोठी झाली, कारण ती दिसते. स्प्रॉकेट मिस्त्रींनी आपणहून बदललं. मग त्यांनी माझी गादी उचलली.

"पट्ट्यांना दोन दिवस लागतील रे. मागचं सगळं खोलावं लागेल. स्प्रिंगाही राहिल्यात."

"राहू द्या काका. ते गादीखाली आहे, कुणाला दिसणार आहे?"

"ताईंना विचारलंस?"

"सांगतो मी तिला."

सांगितलं नाही. घरी येऊन म्हणाला, "सगळं झालं, आत्या." तिने माझ्या टाकीवरून हात फिरवला. तेव्हा मला ओरडता आलं असतं तर!

प्रवासाच्या पहिल्याच दिवशी खड्ड्यात आदळताना गादीखालच्या फ्रेमला चीर पडली. मी कुरकुरले. दुसऱ्या दिवशी तडतडले. तो थांबला, पण सूर्यास्ताचा फोटो काढायला. तिसऱ्या दिवशी खडकाळ उतारावर फ्रेम खाडकन तुटली, पेटी चाकात घुसली, चाक जाम झालं आणि आम्ही दोघं नाल्यात. त्याच्या गळपट्टीचं हाड मोडलं. एका ट्रकवाल्याने त्याला दवाखान्यात नेलं. मला? मला तिथेच सोडलं. नऊ दिवस मी पाण्यात आडवी पडून होते. आणि इकडे हा फोनवर ज्याला त्याला सांगत होता, "गाडीच भंगार निघाली. जीव जाता जाता वाचला."

सहा वर्षं जिने एकदाही दगा दिला नाही, ती भंगार!

दहाव्या दिवशी आत्या आणि मिस्त्री टेम्पो घेऊन आले. लंगडत ती नाल्यात उतरली. माझी गादी उचलून तिने आत पाहिलं.

"पट्ट्या नाहीत," ती म्हणाली.

"ताई, तुम्हाला फोन करायला हवा होता मी," मिस्त्री पुटपुटले. "चुकलं माझं."

भाचा हात गळ्यात बांधून गॅरेजात आला, तेव्हा मिस्त्रींनी तुटलेला तुकडा त्याच्यासमोर धरला. तुटलेली कड अर्धी काळी, अर्धी चकचकीत.

"चकचकीत आहे ते त्या दिवशी तुटलं. काळं आहे ती जुनी चीर, धूळ खाऊन काळी पडलेली. दोन दिवस आवाज येत असणार. ऐकला नाहीस?"

भाचा म्हणाला, "ऐकला होता. कानात गाणी लावली होती... त्यांचा आवाज वाढवला."

आत्याने त्याच्यापुढे हात पसरला. त्याने किल्ली दिली.

"तुझं हाड जुळेल," ती म्हणाली. "पण माझ्याशी खोटं बोललास, त्याचं काय?"

हात बरा झाल्यावर तो रोज येऊ लागला. माझ्या फ्रेमचा गंज घासला, पट्ट्या कापून दिल्या, जोडल्या मिस्त्रींनी. स्प्रिंगा बदलल्या, पेट्या गेल्या, हलक्या कापडी पिशव्या आल्या. तो मन लावून राबला, हे मी नाकारत नाही. पण माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो घालवायची मला घाईही नाही.

मित्रांनो, आम्हाला सजवू नका. आधी आमचं ऐका. आम्ही उगाच कुरकुरत नसतो.

परवा आत्या स्वतः मला घेऊन निघाली. दहाएक मैलांवर तिने मला झाडाखाली उभं केलं, गुडघा धरत खाली बसली आणि एकेक बोल्ट चाचपला. एक ढिला निघाला. तिने खिशातून पाना काढला आणि तो आवळला.