लढायांच्या कपाटाची शिडी

मी शिडी बोलतेय. फार उंच नाही, चार पायऱ्यांची, घडी घालता येणारी. एका वाचनालयात लढायांच्या कपाटाला टेकून माझे दिवस चाललेत.

माझं लाकूड शाळेतल्या फळ्याच्या चौकटीचं. फळा फुटला, चौकट सुताराने उचलून आणली आणि तिच्यातून मी निघाले. एवढा शाळेचा सहवास, पण मला एक अक्षर येत नाही. तरी कुठलं पुस्तक चांगलं, ते मला बरोबर कळतं. कसं, ते सांगते.

आधी मी एका घड्याळजीकडे होते. त्याने दुकान बंद केलं आणि मला इथे देऊन टाकलं. इथले ग्रंथपाल अंगाने काडी. झुरळ दिसलं की माझ्यावर चढतात. पण लढायांची पुस्तकं म्हणजे त्यांचा जीव की प्राण, म्हणून माणसं पाठीमागे त्यांना सेनापती म्हणतात. कोणी नुसतं विचारायचा अवकाश, की टेबलावर शाईची बाटली हा किल्ला, स्टेपलर ही तोफ आणि टाचण्या हे घोडदळ. बागकामाचं पुस्तक न्यायला आलेल्या बाई वेढ्याचे दोन खंड घेऊन गेलेल्या मी पाहिल्यात.

कपाटात सगळ्यात वरच्या खणात इतिहास, त्याच्या खाली लढायांच्या कादंबऱ्या. "खरं वर, रचलेलं खाली," हा सेनापतींचा नियम. तेव्हा लढाई वाचायची, तर माझ्यावर चढल्याशिवाय गत्यंतर नाही.

आता माझी परीक्षा ऐका. माणूस तिसऱ्या पायरीवर उभा राहून पुस्तक उघडतो. लगेच मिटलं, तर पुस्तक सुमार. काखेत मारून उतरला, तर बरं. पण वाचता वाचता गुडघे वाकले आणि माणूस माझ्यावरच बसला, तर पुस्तक पहिल्या नंबरचं. कोपऱ्यावरचा न्हावी एका वेढ्याच्या पुस्तकापायी असा बसला, की अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक त्याला शोधत आलं. "अहो, उरलेली करता का?" तर हा म्हणतो, "थांबा, आत पाच दिवसांचंच पाणी उरलंय."

जिंकलेल्या लढायांची पुस्तकं घेऊन माणसं झपझप उतरतात. माघारीची मात्र बसून वाचतात. असं का, याचं मला अजून कोडं आहे. दुसरं एक कोडं होतं. या पुस्तकांतून तोफा पुढे जातात, फौजा पुढे जातात, पण त्यांच्या भाकरी कोण वाहून नेतं? ते कोणी मोठ्याने वाचलेलं माझ्या कानावर आलं नव्हतं.

मग एक दिवस ती आली. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करणारी, पन्नाशीची.

"सर, लढाईवरचं चांगलंसं पुस्तक द्या. वडिलांना वाचून दाखवायचंय. त्यांना आता दिसत नाही."

"लष्करात होते का?"

"खेचरांवर. सामान वाहणाऱ्या तुकडीत. ते आणि माझे धाकटे काका बरोबरच गेले. बाबा एकटे परत आले. 'नदीत गेला' एवढंच म्हणाले, त्यावर चाळीस वर्षं शब्द नाही. आजी विचारत विचारत गेली. आता डॉक्टर म्हणतात, बाबांचं हृदय दमलंय. बाबा गेले, की काका दुसऱ्यांदा जातील, सर. त्याआधी मला एकदा ऐकायचंय."

सेनापतींनी नाक पुसलं आणि वरच्या खणातला एक उत्तम ग्रंथ काढून दिला. चार दिवसांनी ती परत आली. "झोपले." दुसरा दिला. "त्यातही झोपले. मध्ये उठून चहा मागितला." शेवटी सेनापतींनी नाइलाजाने खालच्या खणातली एक कादंबरी दिली.

दुसऱ्याच दिवशी ती धापा टाकत हजर. "बोलले."

"काय बोलले?"

"म्हणाले, हा लेखक खेचराच्या मागे कधी उभा राहिलेला दिसत नाही, राहिला असता तर पुस्तक लिहायला उरला नसता. मग ओझं कसं बांधायचं ते अर्धा तास सांगितलं, माझ्या उशीला दोरी बांधून." आणि मग ती म्हणाली, "सर, अजून एखादं चुकीचं पुस्तक द्या ना."

सेनापतींचा चेहरा पडला. "ताई, चुकीची पुस्तकं आम्ही ठेवत नाही."

"बघा की जरा. बरोबर काही वाचलं की त्यांना झोप लागते."

त्या महिन्यात सेनापती माझ्यावर बसून एकामागून एक कादंबऱ्या चाळत होते, चुका हुडकत. जी जास्त चुकलेली, ती ताईच्या हाती. आणि ती दर खेपेला नवं काहीतरी सांगायची. ओले बूट पोटाशी घेऊन कसे सुकवतात, रांगेतलं पुढचं खेचर आजारी पडलं की मागची का हटून बसतात. माझं भाकरीचं कोडं सुटलं. तिचं सुटेना.

"नदी आली की गप्प होतात," ती म्हणाली. "म्हणतात, ही नदी वेगळी, पुढचं पान घे."

"त्यांची नदी कुठली?"

तिने सांगितली. सेनापती माझ्या चौथ्या पायरीवर चढले आणि त्यांचा सगळ्यात लाडका इतिहास काढला. "ती नदी यात आहे. पण यात चूक नाही. वीस वर्षं वाचतोय मी."

"मग बाबा झोपतील."

"त्यांना इथे आणा. मी वाचतो, बघू कसे झोपतात."

शनिवारी म्हातारबाबा लेकीचा दंड धरून आले. खुर्ची पुढे केली, तर हाताने मला चाचपून म्हणाले, "नको साहेब, ही बरी. उठायला धरता येते." आणि माझ्या दुसऱ्या पायरीवर बसले, पाठ ताठ.

सेनापती वाचू लागले. तोफा आल्या, नकाशा आला, डावी फळी, उजवी फळी. म्हातारबाबांची मान कलायला लागली. तेवढ्यात वाक्य आलं, "सामानाची तुकडी पहाटे नदी उतरून सुखरूप पैलतीरी पोहोचली."

"थांबा. तेच पुन्हा वाचा."

त्यांनी वाचलं.

"लिहिणारे होते का तिथे?"

"नव्हते, आजोबा. पण फार मोठे अभ्यासक..."

"असतील. पण चुकलंय. सुखरूप नाही. सात खेचरं आणि एक माणूस."

मग ते सावकाश बोलू लागले. ते स्वतः काठावर चढलेले, हाताला दोर गुंडाळलेला. दोराला सात खेचरं, आणि सगळ्यात मागे धाकटा. पाणी एकदम वाढलं. मधलं खेचर घसरलं, त्याने बाकीची ओढली, आणि दोर यांनाही पाण्यात न्यायला लागला.

"दोर तुटला असं तुकडीत सगळे समजले. तुटला नाही. मी सोडला."

लेक खाली फरशीवर बसली होती. तिने विचारलं, "आजीला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगू गं? निघताना तिनेच त्याचा हात माझ्या हातात दिला होता."

तिने तो हात दोन्ही हातांत घेतला. सेनापतींनी चष्मा काढला, पुन्हा लावला, खिशातली पेन्सिल काढली आणि विचारलं, "आजोबा, भावाचं नाव काय? पूर्ण सांगा."

म्हातारबाबांनी सांगितलं, आणि मग म्हणाले, "आता पुढचं वाचा. बघू आणखी कुठे चुकलेत."

त्या दिवशी कोणी झोपलं नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. म्हातारबाबा गेले. माझी दुसरी पायरी तडकलीय, तिला तारेने आवळलंय, आणि लोखंडी शिडी आणायचं बोलणं चालू आहे. आणू देत. पण लढाईवरचं कुठलं पुस्तक वाचावं असं मला विचाराल, तर चपला काढून वर या. सगळ्यात वरचा खण, उजवीकडून तिसरं. नदीचं पान आता आपोआप उघडतं, समासात पेन्सिलीने लिहिलंय. सात खेचरं, आणि एक नाव. ते तेवढं मोठ्याने वाचा.