प्रागमधल्या शेंगोळ्या

"थांब आई, मोठ्या आईलाच विचारू," म्हणत इंद्रजितनं फोन लावला, आणि तुळजाबाईंचा पिठातला हात तिथंच थांबला.

तुळजाबाई लेकाकडे प्रागला आल्या होत्या, आणि आज सकाळपासून पाऊस लागून राहिला होता. किल्ला, नदीवरचा जुना पूल, चौकातलं घड्याळ, सगळं बघायचं राहिलं म्हणून इंद्रजित हळहळत होता. त्यांना मात्र मनातून बरं वाटलं होतं. एवढी शेकडो वर्षं उभा असलेला पूल आजच कुठं पळून जाणार होता? लेक दिवसभर घरात होता, एकट्या त्यांच्या वाट्याला.

त्या धाराशिवच्या दवाखान्यात नर्स म्हणून पाळ्या करायच्या, तेव्हा तो कधी त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. त्याला गावी माकणीत थोरल्या जावेनं, हरणाबाईंनी वाढवलं. जावेला तो मोठी आई म्हणायचा आणि ते तुळजाबाईंना कायम खुपायचं. आज गावाहून आणलेलं हुलग्याचं पीठ काढून त्यांनी हौसेनं शेंगोळ्या करायला घेतल्या, तर यानं फोन लावला तो माकणीलाच.

हरणाबाई पडद्यावर आल्या आणि सासूच्या थाटात सांगू लागल्या. ज्वारीचं पीठ अजिबात मिसळायचं नाही, रश्श्यात शेंगदाण्याचा कूट मूठभर घालायचा. वर म्हणाल्या, "पोराला माझ्याच हातच्या लागतेत बघ, तुळजा. तुला कुठं सवड हुती तवा?"

तुळजाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "बरं अक्का," एवढंच त्या म्हणाल्या.

इंद्रजित आतल्या खोलीत गेल्यावर त्यांनी मुद्दाम ज्वारीचं पीठ मिसळलं. कुटाचा डबा उघडलासुद्धा नाही. माहेरी ढोकीला त्यांची आई करायची तशा, नुसत्या लसूण-मिरचीच्या पाण्यात शेंगोळ्या शिजवल्या. आज पोराला आपल्या हातची चव कळू दे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

जेवायला बसल्यावर पहिल्याच घासाला इंद्रजितनं डोळे मिटले. "आई, अगदी मोठ्या आईच्या हातची चव आलीय बघ."

खरं काय ते तुळजाबाईंच्या ओठांवर आलं. एका वाक्याचं काम होतं. पण तो लहान पोरासारखा बोटं चाटत होता. हा चेहरा माकणीत हरणाबाईंनी कितीदा बघितला असेल. तुळजाबाई पहिल्यांदाच बघत होत्या.

"व्हय," त्या म्हणाल्या, "अक्कांनी सांगितल्या तशाच केल्यात." आणि पातेल्यातल्या उरलेल्या सगळ्या शेंगोळ्या त्यांनी त्याच्या ताटात वाढल्या.