बाबागाडीखालची इंग्रिड

कट्ट्यावरचा बेबी मॉनिटर खर्रर्र करून उठला आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली.

ही शांतता बराच वेळ टिकली होती, कारण बोदिलबाई जमिनीवर पालथ्या पडल्या होत्या. वय साठीपुढचं, गुडघे कुरकुरणारे, अंगात पावसाळी कोट. पण कुत्र्याच्या उंचीवरून घर कसं दिसतं हे पाहिल्याशिवाय प्राणी-निवाऱ्याची माणसं कुणाला कुत्रं देत नाहीत. घरची बाई सिल्ये कॉफीची किटली धरून उभी होती. सोफ्याखालून काय काय निघेल याची तिला धाकधूक होती, आणि ती काही उगाच नव्हती. बोदिलबाईंनी वाळून खडखडीत झालेला राय-पावाचा तुकडा बाहेर काढला आणि खुनाचा पुरावा असावा तसा टेबलावर ठेवला.

"काय खरखरलं ते?"

"मुलगा. एस्किल. बाहेर झोपलाय."

बोदिलबाईंनी खिडकीतून डोकावलं. सफरचंदाच्या झाडाखाली, नोव्हेंबरच्या धुक्यात, बाबागाडी उभी होती आणि आत पाच महिन्यांचा एस्किल दुलईत गुरफटून झोपला होता, गल्लीतल्या सगळ्या बाळांसारखा.

"छान. गार हवेत गाढ झोपतात," बाई समाधानाने म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "पण कुत्रीला बाहेर एकटीला सोडायचं नाही हां. कपडे वाळत घालायला म्हणूनसुद्धा नाही. घरचं कुणीतरी जवळ हवं म्हणजे हवं. थंडी बाधते त्यांना."

"अर्थात," सिल्ये म्हणाली. दुसरं काय म्हणणार? एस्किलला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा कुंपण किती उंच आहे हे कुणी विचारलं नव्हतं. सोफ्याखाली तर कुणीच वाकलं नव्हतं. मोटारीतली बाळाची खुर्ची नीट बसवलीय ना, एवढं दवाखान्यातल्यांनी पाहिलं आणि हसून टाटा केला. माणसाच्या पोराला तेवढं पुरतं.

कुंपण मात्र बोदिलबाईंच्या पसंतीस उतरलं नाही. तेव्हा सिल्येच्या नवऱ्याने, ट्रोल्सने, एक अख्खा शनिवार-रविवार खपून ते खांद्याइतकं उंच केलं. कुंपणाला खिळे मारले आणि अंगठ्याला बर्फ लावला.

मग इंग्रिड आली.

निवाऱ्याने टाकलेल्या फोटोत ती पूडल-मिश्र, कुरळ्या केसांची दिसत होती. प्रत्यक्षात मिश्र जास्त होती आणि पूडल कमी. जुन्या पायपुसण्याच्या रंगाची, एक कान उभा, एक पडलेला, पोटाची कातडी लोंबलेली. तिला नाव नव्हतं. निवाऱ्यात 'मफिन' म्हणत, पण चार वर्षांच्या विग्गाने ते मोडीत काढलं. "ती मोठी बाई आहे. मोठ्या बाईचं नाव हवं," असं म्हणून तिने इंग्रिड ठेवलं.

"तिकडे युटलंडच्या खेड्यातल्या एका कोठारातून काढलीय," बोदिलबाईंनी सांगितलं. "पुढे लाल घर, पांढऱ्या खिडक्या, फुलांच्या कुंड्या. मागे कोठार. लोकांना केस न गळणारी कुरळी पिल्लं हवी असतात ना, ती हिने दिली. वर्षाला दोनदा." त्यांनी कोटाचं बटण लावलं. "दोन घरांनी परत आणून सोडलीय. एक म्हणाले, जवळ येत नाही. दुसरे म्हणाले, फोटोत वेगळी वाटली होती. मी महिन्याच्या आत पुन्हा येईन. इथेही रुळली नाही तर घेऊन जाईन, आणि मग तिला आणखी कुठे देणार नाही. सारखं कुठे फिरवायचं जनावराला?"

इंग्रिड दारातल्या बाकाखाली गेली आणि तिथेच राहिली. ट्रोल्सने गोड आवाज काढून पाहिले, विग्गाने लिव्हरची पेस्ट लावलेला पाव बाकाखाली सरकवला. पाव संपायचा, पण इंग्रिड काही बाहेर यायची नाही.

ट्रोल्स कामावर आणि विग्गा बालवाडीत गेली की घरात दोघीच उरायच्या. सिल्ये बाकाशेजारी जमिनीवर बसून एस्किलला पाजायची. अंगात ट्रोल्सची ढगळ पँट, केसांना कधी कंगवा लागला होता कोण जाणे. बाकाखालून दोन तपकिरी डोळे बघत राहायचे. "बघतेस काय? तुझं पोट लोंबतंय, माझंही लोंबतंय. फक्त माझा फोटो कुणी टाकला नाही, म्हणून मला कुणी परत केलं नाही," सिल्ये म्हणायची. दिवसभरात एवढंच काय ते मोठ्या माणसाशी बोलणं व्हायचं. चार दिवसांतच तिच्या लक्षात आलं की ही बाकाखालची बाई निघून गेली तर आपल्याला ते सोसायचं नाही.

आणि मग घरातून वस्तू नाहीशा होऊ लागल्या. आधी एस्किलच्या चोखण्या, मग त्याची लोकरीची टोपी, मग विग्गाचा हातमोजा.

संशय सरळ विग्गावर गेला. उन्हाळ्यातच चोखणी सोडताना तिने आपल्या सगळ्या चोखण्या उद्यानातल्या चोखण्यांच्या झाडाला रिबिनीने बांधून टाकल्या होत्या, बालवाडीतल्या सगळ्या पोरांसारख्या. दर रविवारी ती त्यांना भेटायला जायची, वाऱ्यावर हलताना बघायची आणि शहाण्यासारखी परत यायची. आता तिला मोह झाला असावा, असं ट्रोल्सने ठरवलं.

"विग्गा, बाळाची चोखणी तू घेतलीस?"

"नाही."

"खरं सांग. बाबा रागावणार नाही."

"तू आत्ताच रागावलायस."

ट्रोल्सने चौकशी तिथेच गुंडाळली.

कुंपणापलीकडच्या हेन्रिएटला सगळ्याची खबर होतीच. तिचा स्वतःचा पूडल-मिश्र कुत्रा लाटे तिच्या कडेवर असायचा. पोर मात्र बाहेर बाबागाडीत.

"निवाऱ्यातली आणलीस? मन मोठं हं तुझं!" ती कुंपणावरून म्हणाली. "मला भीतीच वाटते बाई. कुठून आलंय, कसल्या हातून आलंय, काही कळत नाही. लाटेचं तसं नाही. युटलंडमधल्या एका प्रेमळ बाईकडचा आहे. लाल घर, पांढऱ्या खिडक्या, काय ती फुलं! स्वतः कडेवर घेऊन बाहेर आली. आम्हाला आतसुद्धा जावं लागलं नाही."

सिल्येने लाटेकडे पाहिलं. एक कान उभा, एक पडलेला. कॉफी उकळतेय असं सांगून ती घरात आली.

पुढचा शनिवार पावसाच्या भुरभुरीचा होता. ट्रोल्स बाजारात गेला होता, विग्गा टेबलाशी चित्र काढत होती. सिल्येने एस्किलला बाहेर गाडीत झोपवलं, वर पावसाचं कापड ओढलं आणि धुण्याचं यंत्र लावायला आत आली. दार नुसतं लोटलेलं होतं. परत आली तर बाकाखाली कुणी नव्हतं.

ती खिडकीकडे धावली. इंग्रिड बाबागाडीखाली होती, ओल्या गवतावर, चाकाला पाठ टेकून.

आणि नेमकं तेव्हाच फाटक वाजलं. बोदिलबाई.

सिल्ये मोज्यांवरच पळाली. "इंग्रिड, आत चल. चल ना, राणी. लिव्हरची पेस्ट देते." राणी हलली नाही.

"एकटीच आहे बाहेर?" बोदिलबाई फाटकातूनच म्हणाल्या.

"मी फक्त कपडे लावायला... आत्ताच..."

"कपड्यांचंच सांगितलं होतं मी."

त्या तरातरा गाडीकडे निघाल्या आणि इंग्रिडला उचलायला वाकल्या. इंग्रिड बाहेर आली. माणसाचा हात दिसला की भिंतीत शिरू पाहणारी ती कुत्री बाई आणि गाडी यांच्यामध्ये येऊन उभी राहिली. भुंकली नाही, गुरगुरली नाही. चारही पाय लटलट कापत होते, तरी उभी राहिली.

बोदिलबाईंचा हात तसाच थांबला. मग त्या कुरकुरत्या गुडघ्यांवर बसल्या आणि गाडीखाली वाकून पाहिलं. सिल्येही वाकली.

गवत दाबून केलेल्या खळग्यात चोखण्या होत्या, लोकरीची टोपी होती, हातमोजा होता. चाटूनचाटून स्वच्छ केलेलं, एकाला एक चिकटवून ठेवलेलं सगळं, कुशीत मांडून ठेवल्यासारखं. शेवटी ट्रोल्सचा एक मोजाही होता. तो या कुटुंबात कुठल्या नात्याने आला, देव जाणे.

"रोज थोडा वेळ सुटत असणार," सिल्ये पुटपुटली. "मला पत्ताच नाही."

बोदिलबाईंनी टोपीची कड बोटाने सरळ केली. कोटावरून पाणी ओघळत होतं. "हिची शेवटची पिल्लं डोळे उघडल्याबरोबर नेली होती," त्या म्हणाल्या. "मी कोठारात गेले तेव्हा ही पेंढा उकरत होती. इथे उकर, तिथे उकर. आम्हाला वाटलं, भूक लागली असेल."

गाडीत एस्किल कुरकुरला. इंग्रिडने मान वर केली आणि पडलेला कानही उभा केला.

"तिला नेऊ नका, बोदिलबाई," सिल्ये म्हणाली. ओल्या मोज्यांत, विस्कटलेल्या केसांनी ती तशीच उभी होती. "चूक माझी आहे, तिची नाही."

"नियम काय होता?" बाईंनी करड्या आवाजात विचारलं.

"घरचं कुणीतरी जवळ हवं."

"मग हा गाडीतला कोण?"

"एस्किल."

"घरचाच ना?"

"हो, पण..."

"मग मोडला कुठे नियम?" बोदिलबाईंनी रुमाल काढून मोठ्याने नाक शिंकरलं. "राहू दे तिला इथेच. कुंपणाला खाली एक फट आहे, तेवढी बुजवायला सांग नवऱ्याला. आणि बाईमाणसाखाली एखादी घोंगडी तरी घाल. ओलं आहे गवत."

सिल्येला हसू आणि रडू एकदमच आलं. तेवढ्यात विग्गा रबरी बुटांत, दोन छत्र्या घेऊन बाहेर आली. एक तिने बाबागाडीवर धरली, एक इंग्रिडवर. मग खाली बसून तिने आपला हातमोजा ओळखला, पण उचलला नाही.

"ही तिची पिल्लं आहेत?" तिने हळूच विचारलं.

"खोटीखोटी. खरी लोक घेऊन गेले."

विग्गाने विचार केला. कुंपणापलीकडे, हेन्रिएटच्या कडेवरून असेल, लाटे एकदाच भुंकला. इंग्रिडने मान तिकडे वळवली आणि तशीच ठेवली.

"आई, माझ्या चोखण्या झाडावर आहेत, म्हणून मी त्यांना रविवारी भेटायला जाते," विग्गा म्हणाली. "इंग्रिडने कुठे जायचं?"