कंपनीतून आली तशी

"शर्यत ही मोटारीची अग्निपरीक्षा असते, आणि त्या आगीतून निघालेलं यंत्रच देशाला पुढे नेतं." अंबरनाथच्या कारखान्यातल्या बैठकीत राजरत्नने हे उभं राहून सांगितलं. मग तो बसला. खुर्चीचं एक चाक निखळलं आणि तो देशासकट डावीकडे कलला.

"आधी खुर्च्यांची शर्यत लावू," शशिकांत म्हणाला.

कारखाना दोन सीटची स्पोर्ट्स कार बनवायचा. तिचं डिझाइन शशिकांतचं, आणि सर्व्हिस विभाग राजरत्नकडे. शशिकांतच्या मते गाडी निर्दोष होती, गिऱ्हाइकं सदोष होती. राजरत्नच्या मते गिऱ्हाइकं चांगली होती, शशिकांत सदोष होता. भांडण एवढंच, पण रोजचं.

गाड्या ऐन रस्त्यात बंद पडायच्या. जवळचा मेकॅनिक बॉनेट उघडून काहीतरी खुडबुड करायचा, आणि गाडी कंपनीत येईपर्यंत ठणठणीत झालेली असायची. दोष काय, ते कुणालाच कळत नव्हतं.

राजरत्नचं म्हणणं सरळ होतं. शर्यतीसाठी खास गाडी घडवायची नाही. गिऱ्हाइकांना विकलेल्याच गाड्या, कंपनीतून आल्या तशा, बॉनेटला सील लावून पळवायच्या. जे मोडेल ते इथून पुढच्या प्रत्येक गाडीत सुधारायचं.

"आणि काहीच मोडलं नाही तर?" भाविका मॅडमनी विचारलं. त्या मालकीण. कारखाना त्यांच्या आजोबांच्या भातशेतीवर उभा होता, आणि आजोबांच्या काळात इथे निदान भात तरी वेळेवर यायचा, असं त्या अधूनमधून ऐकवत.

"तर मी राजीनामा देईन," राजरत्न म्हणाला.

शशिकांतने खिशातलं पेन काढून त्याच्यासमोर ठेवलं.

बदलापूरच्या खरवईला बैलगाड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं, तेच ठरलं. त्या सकाळी राजरत्नची बायको शीला डबा भरून देताना म्हणाली, "सगळं नीट बंद पडू दे हं." घराचे हप्ते चालू होते.

नियम पाळले जातात का, हे बघायला शशिकांत स्वतः आला होता. त्याने सीट कव्हरं काढायला लावली, काचेवरची स्टिकरं खरवडायला लावली. खरवईच्या दौलतरावांच्या पिवळ्या गाडीपाशी तो थांबला.

"हे लिंबू-मिरची काढा. कंपनी देते का हे?"

"देत नाय म्हणून तर बंद पडते," दौलतराव म्हणाले. शर्यतीचे बैल विकून त्यांनी गाडी घेतली होती आणि तेव्हापासून गावात कुणी बैलांचा विषय काढला की ते उठून जात.

"गाडी नीट चालवता येत नसेल तर..."

"नीट चालवायला आधी चालाय लागते, साहेब."

लिंबू-मिरची निघाली. सीलं लागली. राजरत्न ब्रेकवर आशा लावून बसला होता.

झेंडा पडणार, एवढ्यात दौलतरावांच्या माणसांनी त्या मैदानावर कायम करतात तेच केलं. गुलालाची गोणी गाडीच्या तोंडावर रिकामी केली. ते बघून बाकीच्या मालकांनीही आपापल्या गोण्या सोडल्या. कुणालाच मागे राहायचं नव्हतं.

"अहो, हे काय चाललंय?" शशिकांत धावला.

"बैलावर टाकतो तसा टाकला."

"बैलाला एअर फिल्टर नसतो!"

"म्हणून बैल बंद पडत नाय."

गाड्या सुटल्या. पहिल्या फेरीत त्या गुलाबी ढग घेऊन गेल्या, दुसऱ्या फेरीत खोकू लागल्या. मग एकेक करून गप्प झाल्या. पिवळी गाडी, मॅडम बसल्या होत्या त्या मांडवासमोर येऊन बसली. राजरत्न धावत सुटला. चेहरा दुःखी ठेवायचा असतो, हे तो साफ विसरला.

मॅडमसमोर सील तोडलं. हवा ओढणारा पाइप खाली, जाळीच्या अगदी मागे होता. गुलाल सरळ आत. फिल्टर पिळून पाणी काढावं असा गच्च गुलाबी. वाटेतले मेकॅनिक हाच झटकून गाडी चालू करून देत असणार.

"वरातीत बंद पडली," दौलतराव म्हणाले, "गणपतीत पडली. पुतण्या निवडून आला तवा तर त्याच्यासकट बंद पडली. लोक त्याला हसले. तो आजून माज्याशी बोलत नाय."

"गुलाल म्हणजे गाडीत केलेला बदल," शशिकांत म्हणाला. "कंपनी गुलाल घालून गाडी विकत नाही. शर्यत रद्द."

"गाडी बदलापुरात विकायची आणि तिला गुलाल सोसत नाही?" राजरत्न म्हणाला. "तुझं डिझाइन काय बर्फात पळवायला केलंस?"

"तू नुसता फिल्टर झटकणारा माणूस आहेस."

"आणि तू तो भरणारा."

मॅडमनी चष्मा पुसला. तो आणखी गुलाबी झाला. "पाइप वर घ्या," त्या म्हणाल्या. "सगळ्या गाड्यांत. विकलेल्यासुद्धा. राजरत्न, तुम्ही राहताय."

"माझा विरोध नोंदवून ठेवा," शशिकांत म्हणाला.

पिवळी गाडी आहे तशी, हात न लावता, कारखान्यात न्यायची ठरली. टोइंगच्या गाडीत राजरत्न बसला, कारण शशिकांत वाटेत फिल्टर साफ करील. शशिकांतही बसला, कारण राजरत्न वाटेत आणखी गुलाल घालील. मधे क्लीनर बसला.

दौलतरावांनी किल्ली खिडकीतून आत दिली, पण सोडली नाही.

"न्या," ते म्हणाले. "फक्त परत आणताना तेवढी धुवून आणा."