नारायणदादाच्या हातातली नोटीस

शिजलेल्या हळदीची वाफ फाल्गुनातल्या कोवळ्या उन्हात चढू लागली की मला नारायणदादाची बोटे आठवतात. कढईतले हळकुंड उचलून तो अंगठ्याने दाबून पाही आणि 'झाली' म्हणून हसे. त्या पिवळ्या बोटांत तेव्हा अख्ख्या शेताचा अदमास होता. आता माझा हा थोरला भाऊ पडवीच्या खांबाशी बसतो, उन्हाबरोबर सरकतो, आणि त्याचे खळाळते बोलणे आजारपणात आत कुठेतरी आटून गेले आहे. मी माहेरी राहून त्याचे सगळे करते.

त्याच्या औषधपाण्याचे, शेताचे निर्णय मला घेता यावेत म्हणून हिंगोलीच्या न्यायालयात अर्ज केला. वकीलसाहेब म्हणाले, नोटीस ज्याच्याविषयी अर्ज आहे त्याच्याच हाती पडावी लागते. मात्र त्याला ती उमगणार नाही असे शपथेवर लिहून दिले, तर न्यायालयाच्या परवानगीने दुसऱ्या नातेवाइकाकडे देता येते. माझा हात काही सहीला उठेना. त्याला काहीच उमगत नाही, हे मी कशी लिहून देऊ? वेडी आशा म्हणा हवे तर, पण मला माझा दादा परत हवा होता.

दादाच्याच नावाची नोटीस घेऊन न्यायालयाचे बेलिफ आले ते टळटळीत दुपारी. अंगणात उभे राहून त्यांनी "नारायण विठ्ठलराव" असा पुकारा केला. किती वर्षांत त्याला कुणी असे पुऱ्या नावाने हाकारले नव्हते! दादा उठला, सदऱ्याची गुंडी लावली, आणि कागदावर बोट ठेवून ओळ न् ओळ वाचू लागला.

अर्जदार म्हणून लिहिलेल्या माझ्या नावापाशी बोट थांबले. त्याचा चेहरा असा उजळला की मी पुढेच धावले.

"ही माझी बहीण हाय, साहेब," तो बेलिफांना म्हणाला. "लई दिवस झाले, आली न्हाई. तिला तकलीफ देऊ नका. ती म्हणंल ते बराबर."

"दादा, मीच हाय की," मी त्याचा दंड धरला.

त्याने मला निरखून पाहिले; परक्या बाईशी बोलावे तशा अदबीने म्हणाला, "तुमी तिच्या गावच्या काय? भेटली तर सांगा, मी घरीच हाय म्हणावं."

"सांगते," मी म्हटले, आणि रडू आवरेना.

तेव्हापासून एकाच पडवीत आम्ही दोघे एकमेकांची वाट पाहत बसतो, आणि आम्हा दोघांना ओळखणारा तो काळ काही केल्या घरी येत नाही.