पान लांबलं

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर शिलाई मशिनं दुरुस्त केली. हात थरथरायला लागल्यावर दुकान बंद केलं आणि एका मोफत संकेतस्थळावर ‘मशीनमामा’ या नावानं लिहू लागले. सुई का मोडते, तेल कुठे घालायचं, असले लेख. एकाही लेखाखाली कधी कुणाचा शब्द दिसला नाही, तेव्हा रुसून लिहिणं सोडलं. आता ते संकेतस्थळच बंद होणार होतं.

मी म्हटलं, बाबा, सगळं जपून ठेवू. तर म्हणाले, “कशाला? काळं कुत्रं फिरकलं नाही तिकडे.” अवजारांची पेटीही भंगारात द्यायला दाराशी आणून ठेवली. मला राग आला. लोकांवरचा रुसवा पेटीवर काढून काय मिळतं, देव जाणे.

मी पोटापाण्यासाठी प्रोग्रॅम लिहिते. पत्ता दिला की अख्ख्या वेबपानाचं चित्र करून फाइलीत ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहून काढला. एक खिडकी, पत्त्याची चौकट, एक बटण. पहिल्या चित्रात फोटोंच्या जागी पांढरे चौकोन आले. फोटो उशिरा उतरतात, म्हणून पान तळापर्यंत सरकवून थोडं थांबायची सोय केली. पुढचं चित्र आलं ते दुप्पट लांब. म्हटलं, घातला मी घोळ.

घोळ नव्हता. लेखाखाली माणसं होती. कटकट नको म्हणून नवऱ्यानं वडिलांच्या ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं काहीतरी बसवलं होतं, त्यानं जाहिरातींबरोबर प्रतिक्रियाही गिळल्या होत्या. माझ्या प्रोग्रॅमनं जे होतं ते सगळं टिपलं.

बाबांना हाक मारली. ते चष्मा लावून वाचत बसले. कुणी आभार मानले होते, कुणी हुज्जत घातली होती, बरेचजण अडलेले होते. एका बाईनं गेल्याच महिन्यात लिहिलं होतं, ‘मामा, खालून दोऱ्याचा गुंता होतोय. गिऱ्हाइकं परत जातायत. कुणी आहे का इथे?’ पुढे फोन नंबर.

“शिष्ट समजले असतील मला,” बाबा म्हणाले. त्यांना फार लागलं. ते चित्रातल्या उत्तराच्या चौकटीवर क्लिक करत राहिले. चित्राला उत्तर देता येत नाही, आणि खऱ्या पानावरही आता काही लिहू देत नाहीत, हे मला सांगावं लागलं. मग नवऱ्याचा उद्धार झाला, त्यात मीही भर घातली.

शेवटी चित्रातला एकेक आकडा मोठ्यानं वाचत त्यांनी फोन लावला.

“मी मशीनमामा. उत्तराला उशीर झाला. मशीन आहे का अजून?”

पलीकडून बाई म्हणाली, आहे, झाकून ठेवलंय.

बाबांनी तिला झाकण काढायला, वरचा दोरा काढून पुन्हा ओवायला सांगितलं. मला पंखा बंद करायची खूण केली. फोनमधून मशीनची घरघर येऊ लागली आणि ते मान तिरकी करून ऐकत राहिले.

“सुई बोथट झालीय. बदला,” ते म्हणाले. “सावकाश. मी आहे इथे.”