डावीकडची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी चामड्याची बॅग आहे, आणि अजून मला स्वस्थ बसवत नाही. अंगणातल्या खडीवर मोटारीची चाकं करकरली की माझे पट्टे आपोआप ताणले जातात.

तळ्याकाठच्या या जहागिरीत खोगिरं शिवणाऱ्या आल्फ्रेडनं मला शिवलं. शिवताना तो पुटपुटला होता, "तुला टाके पक्के घातलेत. मालकाच्या पायांना कुठून घालू?"

मालक म्हणजे काउंट एरलांड. सात पिढ्यांचे उमराव, पण घराण्याच्या ढालीवरची धूळ पुसत बसणं त्यांना जमेना. दुधातली साय काढायची यंत्रं विकायला ते जगभर निघाले. कैरो, ब्युनोस आयर्स, मेलबर्न. बोट सुटे, गाडी सुटे, त्यांच्या हातातून मी सुटेना. बंदरोबंदरी हमाल माझ्यावरून हात फिरवायचे, असं कातडं आता मिळत नाही म्हणायचे. घरी मात्र मी कधी माळ्यावर चढले नाही. सदा दाराशी, भरलेली.

मग मालकांच्या पत्नी हेडविगबाईंचा पन्नासावा वाढदिवस आला. पन्नाशीची मेजवानी आमच्याकडे कुणी चुकवत नाही. येत नाही अशी मालकांची तार आली होती. तरी सूप वाढताना ते दारात उभे राहिले. माझ्या कप्प्यात सोमवारच्या बोटीचं तिकीट होतं. पाच वर्षांसाठी मेलबर्न. बाईंना त्याचा पत्ता नव्हता.

टेबलाच्या टोकाची यजमानाची खुर्ची आता लेक सिग्ने सांभाळायची, जहागीरही तीच. पाद्रीबाबा आजारी पडल्यानं बाईंच्या डावीकडची खुर्ची तेवढी रिकामी होती. मालक तिथं बसले. त्या खुर्चीतल्या पाहुण्यानं जेवणाअखेर उठून यजमानीणबाईंचे आभार मानायचे, ही इथली रीत. मालकांनी ती शेकडो घरी पाळलेली. गोड खाऊन होताच सवयीनं त्यांनी पेल्यावर चमचा वाजवला आणि उठले.

"यजमानीणबाई, आपल्या या सुंदर घरी झालेल्या पाहुणचाराबद्दल..."

तिथंच शब्द अडला.

"पाहुणे छान बोलतात," बाई हळूच म्हणाल्या. "पुन्हा कधी येणं होईल?"

मालक माझ्यापाशी आले. तिकीट निघालं तशी मी मनात म्हटलं, चला, निघालो. पण ते माघारी वळले, तिकीट बाईंच्या बशीपाशी ठेवलं, आणि सोमवारी जात नाही एवढंच म्हणाले. मग लेकीला विचारलं, "सिग्ने, माझी खुर्ची देशील?"

"खुर्चीचं नंतर बघू, बाबा. आधी भांडी घासायला चला. पाहुण्यांना आम्ही घासू देत नाही."

मालकांनी बाह्या वर केल्या.

तेव्हापासून मी माळ्यावर. सिग्ने माझ्यात सफरचंदं ठेवते. मला राग आला होता, थोडा अजूनही आहे. पण पानं पिवळी पडू लागली की मालक वर येतात, मला तेल चोळतात, आणि खालून बाईंची हाक येईपर्यंत काहीबाही गुणगुणतात. मित्रांनो, तेल चुकलं की कातडं कुरकुरत नाही, एक दिवस नुसतं तडकतं. वाट पाहणाऱ्या माणसांचंही तसंच असतं. त्यांच्यावरून वेळेवर हात फिरवत जा.

थांबा, खडी वाजली. मोटार आली वाटतं.

नाही. दूधवाला आहे.